चाचांची मूठ

चाचांनी मूठ वर केली की मी थांबायचो. पंजा वर हलला की उचल, खाली हलला की टेकव आणि मूठ म्हणजे जिथे आहेस तिथे थांब, एवढीच आमची भाषा होती. त्यातली मूठ जरा जास्तच वेळा वर यायची. मी केबिनची काच सरकवून विचारायचो, आता काय झालं? खालून ठरलेलं उत्तर यायचं, "काही नाही बेटा, मले भेव वाटून राह्यलं."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. भीती सगळ्यांनाच वाटते, पण चारचौघांत ती बोलून दाखवणारा एकच असतो. बाकीचे त्याला हसून घेतात आणि आपली झाकून ठेवतात.

उमरखेडच्या बाहेर, नांदेडच्या रस्त्याला आमचं मालाचं यार्ड आहे. कापसाच्या गाठी आणि सोयाबीनची ढेप भरलेले ट्रेलर तिथे येतात. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ड्रायव्हर घोडा म्हणतात. घोडा सुटून दुसऱ्या कामाला जातो आणि मागे उरलेला भरलेला ट्रेलर आम्ही उचलून रांगेत लावतो. त्यासाठी स्टॅकर नावाचं धूड आहे. माणसाएवढी चाकं, वर काचेची केबिन, पुढे लांब दांडा आणि त्याला चार लोखंडी पाय. ते पाय ट्रेलरला बगलेत हात घातल्यासारखे खालून धरतात. हे धूड मी चालवतो. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले, त्यामुळे वडील पाहुण्यांना मी लॉजिस्टिकमध्ये आहे असं सांगतात.

केबिनमधून मला दिसते ती ट्रेलरवरची ताडपत्री. तिच्या खाली काय आहे, कोण आहे, हे मला चाचांचा हात सांगायचा. ते मूळचे ट्रक मेकॅनिक, जवळच्या ढाणकी गावचे. उतारवयात आमच्याकडे इशारे द्यायला लागले.

त्यांच्या भित्रेपणाचे किस्से यार्डात चहाबरोबर चालायचे. संडासात पाल दिसली म्हणून ते एकदा पेट्रोलपंपापर्यंत चालत गेले होते. माझ्या मोटरसायकलवर मागे बसले की प्रत्येक गतिरोधकाला माझा शर्ट मागून घट्ट धरायचे. "सावकाश घे. घर काही पळून नाही चाललं," म्हणायचे. माझ्या दोन शर्टांची शिवण त्यांच्यापायी उसवली. मी हसायचो, तेही हसायचे, पण शर्ट सोडायचे नाहीत.

एकदा डबा खाताना मी सहज विचारलं, चाचा, इतकं काहून घाबरता? त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "जॅक सरकला होता. मी वर होतो, लहाना भाऊ खाली," एवढंच बोलले. त्यानंतर मी त्यांच्या मुठीवर कधी कुरकुर केली नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे झोळी. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. ज्यांचा घोडा कुठे अडकलाय ते ड्रायव्हर ट्रेलरच्या पोटाखाली साडीची झोळी बांधून खुशाल झोपतात. मालकांनी मनाई केली, पाटी लावली, तरी कोण ऐकतो? मग चाचा प्रत्येक ट्रेलरखाली वाकून पाहायचे आणि झोपलेल्याला उठवायचे. शिव्या खायचे. त्यांना चुकवायला काहीजण झोळी फार वर, सांगाड्याला चिकटून बांधायला लागले.

त्या दुपारी चाचांनी वाकून पाहिलं आणि पंजा वर हलवला. मी गाठींनी भरलेला ट्रेलर उचलला. माणसाच्या उंचीएवढा वर गेला असेल, तोच मूठ आली. मी काच सरकवून विचारलं, भेव वाटलं का? उत्तर आलं नाही. चाचा खालीच पाहत होते. मग ते वाकले आणि टांगलेल्या ट्रेलरखाली शिरले.

टांगलेल्या भाराखाली जायचं नाही, हे ज्यांनी यार्डातल्या प्रत्येकाला बजावलं होतं, तेच आत गेले. मला आता त्यांचं काहीच दिसेना. फक्त ट्रेलरच्या कडेखालून कोपरापर्यंतचा एक हात उन्हात बाहेर आला. हाताची मूठ वळलेली होती.

मी केबिनमधल्या लिव्हरवरचा हात दगडासारखा धरून बसलो. तेल तापलं की आमचं धूड भार फार वेळ धरत नाही, हळूहळू खाली बसतं. समोरच्या विजेच्या खांबावर रंगाचा पट्टा आहे. ताडपत्रीची कड त्या पट्ट्याच्या वर होती, ती पट्ट्याच्या रेषेत आली. वर घ्यावं तर खाली काय अडकलंय माहीत नाही. तसंच धरावं तर भार उतरतोय.  मूठ मात्र तशीच होती.

खाली काय चाललं होतं ते नंतर कळलं. सांगाड्याला चिकटून बांधलेल्या झोळीची एक दोरी सुटली होती. ड्रायव्हर दुसऱ्या दोरीत पाय गुंतून चाकाजवळ उलटा लोंबकळत होता. चाचा एका हाताने दोरी सोडवत होते आणि दुसऱ्या हाताने मला थांबवून धरत होते.

आधी तो ड्रायव्हर रांगत पलीकडे निघाला. मग चाचा बाहेर आले, मागे सरकले आणि पंजा खाली हलवला. मी ट्रेलर टेकवला. मी खाली उतरलो. नेहमी हसणारे सगळे चाचांची पाठ थोपटत होते. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. चहाचा ग्लास तेवढा दातांवर वाजत होता.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. फोनही उचलेनात. सुट्टीच्या दिवशी मी ढाणकीला गेलो. चाचींनी चहा दिला. मी म्हणालो, मालक बोलावतायत, सगळे वाट पाहतायत, तुम्ही माणूस वाचवला. चाचांनी नाही म्हणून मान हलवली.

"त्या दिवशी मी वाकून पाह्यलं होतं बेटा. नीट पाह्यलं. तो तिथंच होता, मले दिसलाच नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हिवाळ्यापासून डोळ्यापुढं धुकं येते," ते म्हणाले. "म्हणून तर तुले घडी घडी थांबवत होतो. भाऊ माह्या हातानं गेला. आता अजून कोणी नाही."

मी नागपूरच्या दवाखान्याचं बोलू लागलो. चाची हळूच म्हणाल्या, दाखवून झालंय, साखरेच्या आजारानं डोळ्याचा पडदा गेलाय. चाचांचा मला इतका राग आला, आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही.

निघताना ते दारापर्यंत आले. मोटरसायकल अंगणातल्या कडुलिंबाखाली होती. मी ती ढकलत रस्त्याच्या पलीकडे नेली, वळवली आणि मागे पाहिलं. चाचा दारात उभे होते. प्रेमाने, सावकाश हात हलवत मला निरोप देत होते. त्यांचं तोंड अजून लिंबाकडेच होतं.

त्या डोळ्यांच्या भरवशावर मी अख्खा उन्हाळा ट्रेलर उचलले होते.  गाडी सुरू करायचं धाडस होईना. आवाज आला असता तर मी लिंबाखाली नाही, हे त्यांना कळलं असतं.