रावांचा ओटा आणि माझा पाच चांदण्यांचा कागद

फोन आला तेव्हा मी पुढच्या सहलीच्या बसमधल्या जागा वाटत होते. कोणाला खिडकी हवी, कोणाला बस लागते म्हणून पुढे बसवायचं, कोणाचं कोणाशी पटत नाही... सत्तावीस माणसांची ही कसरत चालू असताना मी सहसा फोन घेत नाही. पण नाव कुंभकोणमचं दिसलं म्हणून घेतला. पलीकडून रावांची मुलगी मीनाक्षी अगदी शांतपणे म्हणाली, "अप्पा इज नो मोअर, मॅडम." मी "अगं..." म्हटलं. तिनं अजून दोन वाक्यं इंग्रजीतच सांगितली आणि फोन ठेवला. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी लागलं ते तिचं इंग्रजी, आणि त्यातलं ते 'मॅडम'. त्या घरानं मला कितीतरी वर्षं 'अक्का' म्हटलं होतं, मराठीतून. त्या घराला माझ्या माणसांशी इंग्रजी बोलायला लावणारी मीच होते.

मी सांगलीची. दक्षिणेतल्या देवळांच्या सहली काढते, वर्षातून तीनदा. पहिल्याच सहलीत कुंभकोणमला आमची फजिती झाली होती. बस वाटेत बंद पडली, आम्ही पाच तास उशिरा पोचलो, आणि तोवर ठरवलेल्या हॉटेलनं आमच्या खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकल्या होत्या. महामहम् तळ्याजवळ भर दुपारी रस्त्यात उभी राहून मी ड्रायव्हरवर, हॉटेलवर आणि स्वतःच्या नशिबावर एकदमच तोंडसुख घेत होते. समोरच्या ओट्यावर लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गोपीचंदन लावलेले एक गृहस्थ बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "अक्का, माणसांस सावलींत बसवा आधीं. भांडण मग करूं." इतक्या लांब, तमिळ पाट्यांच्या गर्दीत, कोणी आपल्याला मराठीत दटावेल असं कोणाला वाटणार? वयानं ते माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे, तरी मी अक्का ती अक्काच राहिले. गावात त्यांना सगळे 'रायर', म्हणजे आपले रावच, म्हणत. मी राव म्हणायला लागले.

तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर त्यांचे पूर्वज तिकडे गेले. "तीनशें वर्षं झालीं, परत जायाचें राहूनच गेलें," असं ते हसून सांगत. घरालाच लागून बारा खोल्यांचं लॉज, स्वयंपाकघर एकच, त्यात रावांच्या पत्नी सरस्वतीवहिनी आणि हाताखाली दोन बायका. त्या दिवशी मी पिशवीतून खोल्यांची यादी काढली. सांगलीत बसून नीट आखलेली, कोण कुठल्या मजल्यावर, कोणाबरोबर. रावांनी ती हातात घेतली, घडी घातली आणि ओट्यावरच्या पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. "यादी राहूं द्या, अक्का. माणसें उतरूं द्या." मग ते बसच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कोण दांडी धरून उतरतो, कोण आधी कुठला पाय टाकतो, कोणाची पिशवी कोण उचलतं, हे सगळं बघत राहिले आणि शेवटचा माणूस उतरल्यावर एकेकाला त्याची खोली सांगितली. मी चांगलीच तडकले होते. संध्याकाळपर्यंत मात्र माझ्या लक्षात आलं की ज्या दोघांना खालच्या खोल्या दिल्या त्यांचे गुडघे दुखत होते आणि ते त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जावा दोन टोकांना गेल्या होत्या. ते रावांना कसं कळलं, हे मला आजही माहीत नाही.

पाहुणचाराची त्यांची एकच कसोटी होती. "पाहुण्यास मागावें लागलें, म्हणजे तें उशिरा आलें." दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालून आलेली माणसं दारात पोचायच्या आत तिथं ओली गोणपाटं अंथरलेली असत. कॉफी आधी, चौकशी मग. प्रत्येक खोलीत पेल्याखाली त्यांच्या हातची चिठ्ठी असे, ठसठशीत बाळबोध अक्षरात: 'गरम पाणी पांच वाजतां. दार वाजवणार नाहीं. बादली बाहेर ठेवूं.' माझी माणसं ती चिठ्ठी एकमेकांना वाचून दाखवत, हसत, फोटो काढत. संध्याकाळी ओट्यावर राव बसले की त्यांच्याभोवती चार-सहा जण जमत. तिकडे आता ऊस कसा आहे, पुरणपोळीत गूळ घालतां कीं साखर, असलं काहीबाही ते विचारत आणि उत्तरं अशी ऐकत, जणू माहेरची खबर. मला वाटायचं, काय हौशी माणूस आहे.

मग मला अक्कल आली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. सहल कंपन्यांच्या एका शिबिराला जाऊन आले आणि डोक्यात बसलं की ग्राहकाचं समाधान मोजता आलं पाहिजे. एक कागद छापून घेतला, आठ प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चांदण्या. स्वच्छता, जेवण, तत्परता... आणि सातवा प्रश्न, 'भाषा व संवाद'. हा प्रश्न मला कोणत्या मुहूर्तावर सुचला होता कोण जाणे. त्यानंतरच्या पहिल्याच सहलीत कुंभकोणमच्या सातव्या रकान्यात कोणी दोन चांदण्या दिल्या, कोणी तीन. एकानं खाली लिहिलं, 'मालक गमतीदार मराठी बोलतात, जुन्या नाटकातल्यासारखं. समजायला वेळ लागतो. सुधारणा हवी.' लिहिणारा काही दुष्ट नव्हता. चौकट रिकामी होती, त्यानं भरली. आणि मी सगळे कागद, एकही न वगळता, पाकिटात घालून रावांना पाठवून दिले. व्यवहार कसा पारदर्शक हवा, असा माझा तोरा.

पुढच्या खेपेला बस थांबली तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. राव आत, टेबलामागे, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "गुड आफ्टरनून. वेलकम. हाऊ वॉज युवर जर्नी?" हे त्यांनी सत्तावीस वेळा म्हटलं. यादी माझ्याकडून मागून घेतली आणि तिच्याप्रमाणे किल्ल्या दिल्या. पेल्याखाली आता छापील इंग्रजी कार्ड होतं. कॉफी तशीच, गोणपाटं तशीच, गरम पाणी पाचच्या ठोक्याला. कागदांवर सगळीकडे पाच चांदण्या पडल्या आणि मी, मूर्ख बाई, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा राव, केवढी सुधारणा!" ते म्हणाले, "थँक यू." यावर मी दोन वर्षं खूश होते.

माझे डोळे उघडले ते विमलताईंमुळे. या मिरजेच्या, निवृत्त परिचारिका, माझ्याबरोबर दुसऱ्यांदा कुंभकोणमला आलेल्या. पहिल्या वेळी, नवरा गेल्यानंतरच्या त्यांच्या पहिल्याच प्रवासात, रावांनी त्यांचा दुखरा पाय हेरून त्यांना न विचारता खालची खोली दिली होती आणि त्या दोन संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याशी बोलत बसल्या होत्या. या वेळी यादीप्रमाणे त्यांना वरची खोली मिळाली. सकाळी इडली पुढ्यात घेऊन त्या हळूच मला म्हणाल्या, "राव माझ्यावर रागावलेत का हो? परक्यासारखं बोलतात." मी हसण्यावारी नेलं आणि स्वयंपाकघराकडे गेले. आतून रावांचा आवाज येत होता. बाजारात विड्याच्या पानांवरून झालेली कसलीशी हुज्जत ते वहिनींना रंगवून सांगत होते, त्यांच्या त्याच मराठीत, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी उंबऱ्यात दिसले आणि ते थांबले. "यस मॅडम?" म्हणाले.

"राव, हे काय चाललंय?" मी म्हटलं. "विमलताई विचारतायत, तुम्ही रागावलात का म्हणून."

"राग कशाचा?" बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी मराठीत बोलले. "कागदांत लिहिलें होतें, भाषा सुधारणें म्हणून. कागद तुम्हींच पाठविलांत, अक्का. मी सुधारलों."

"अहो, गंमत वाटली असेल एखाद्याला. हसला असेल. त्याचं एवढं काय..."

"हसूं दे की. मला त्याचें दुःख नाहीं. पण पाहुणा हसतो, मग त्यास वाटतें आपलें चुकलें, मग तो अवघडतो. आमच्या दारांत पाहुणा अवघडला, तर आम्ही कशास बसलों आहों?" आणि पुढे म्हणाले, "तीनशें वर्षं घरांत बोललों. घरांतच राहूं दे."

वहिनींनी चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची बस येणार म्हणजे ह्यांस आठ दिवस आधींपासून आनंदानें जेवण सुचत नसे. बोलायास माणसें येणार म्हणून. गांवांत आमचीं घरें तीं किती, आणि तींही आतां तमिळच बोलतात." मला तिथं उभं राहवेना. मी ज्याला त्यांची हौस समजत होते ती त्यांची तहान होती, आणि ती भागवणारं वर्षातून तीनदा येणारं पाणी मी स्वतःच्या हातानं तोडलं होतं.

सांगलीला परतल्यावर सातवा प्रश्न काढून टाकला, मग सगळा कागदच बंद केला. रावांना फोन करून तसं सांगितलं, माफी मागितली. "सरी, सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. पण पुढच्या खेपेलाही टेबलामागून तेच "हाऊ वॉज युवर जर्नी" आलं. मी विनवलं, रुसले, एकदा सगळ्यांसमोर मुद्दाम मराठीत वाद उकरून काढला. ते हसून इंग्रजीत उत्तर देत. एकदा उमटलेली चांदणी माणसाच्या मनातून खोडता येत नाही, हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. विमलताईंशी मात्र ते, स्वयंपाकघरात आमचं बोलणं झालं त्याच दुपारी, मराठीत बोलले होते. जिन्याखाली थांबून "पाय कसा आहे?" एवढंच विचारलं, आणि त्यांचं सामान स्वतः खालच्या खोलीत आणलं.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. राव खूप वाळले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. निघताना माणसं बसमध्ये चढत असताना ते मला ओट्यावर घेऊन गेले आणि बसले. मग म्हणाले, "अक्का, एक विचारतों. आम्ही बोलतों तें मराठीच आहे ना?" म्हटलं, "राव, तुमचंच मराठी. आमचं मागून बदललं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिचकावले. "हें पाहुणचाराचें बोलणें झालें," म्हणाले, आणि मला बसमध्ये चढायला उशीर होतो म्हणून दटावलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

गेल्या आठवड्यात सहल घेऊन गेले. फोन आला तेव्हा ज्यांच्या जागा वाटत होते, तीच सत्तावीस माणसं. त्रिचीहून निघाल्यावर बसमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना हे सारं सांगितलं, माझ्या कागदासकट. म्हटलं, तिथं कोणी जुन्या वळणाचं मराठी बोललं तर हसू आलं तरी हसा, पण उत्तर द्या. बस थांबली. मीनाक्षी टेबलामागे होती, इस्त्रीची साडी, हात जोडलेले. "वेलकम, मॅडम." मी पुढे जाऊन तिला जवळ घेतलं, मग पिशवीतून यादी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली, पहिलं नाव वाचलं. तेवढ्यात मागे बसच्या दारात आमचे एक काका दांडी घट्ट धरून, डावा पाय आधी टाकून, सावकाश उतरायला लागले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रावांचा ओटा हाच का हो?"

मीनाक्षीनं वर पाहिलं. काकांच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. ती टेबलामागून बाहेर आली, ओट्यापाशी थांबली, हातातल्या यादीची घडी घातली. तांब्या अजून तिथंच असतो, भरलेला. तिनं तो उचलून यादी त्याखाली ठेवली.

"यादी राहूं द्या, अक्का," ती म्हणाली, आणि बसच्या दाराशी जाऊन उभी राहिली.