निवडून पाठवलेलं गवत

प्रयोगशाळेत तिला सगळे 'गवतवाली' म्हणत. कुरणांवरून आलेलं गवत भट्टीत वाळवायचं, दळायचं आणि त्यात नत्र किती आहे ते तपासायचं, हे तिचं काम. नत्र कमी निघालं, की कुरणाला खत द्या म्हणून कळवायचं. चहा आणणारे काका म्हणायचे, "बाई, गाईच्या आधी तुम्ही गवताची चव बघता. एक दिवस रवंथ करायला लागाल." तीही हसायची. गवताचं तिला बाळकडूच मिळालं होतं. बाबांनी जन्मभर गाई राखल्या होत्या.

बाबांच्या कुरणातलं गवत खुंटायला लागलं, तेव्हा तिनेच त्यांना नमुना पाठवायला सांगितलं. इतरांना ती बजावायची, नागमोडी चालत सगळ्या कुरणातून पाती तोडा, शेण-मूत पडलेली जागा सोडा, तिथलं गवत उगाच गर्द असतं. बाबांना मात्र तिने हे सांगितलं नाही. त्यांना काय शिकवायचं?

पिशवी आली. हिरवीगार, एकसारखी पाती, माती झटकून जुडी बांधलेली. नत्र भरपूर निघालं.

"खताची गरज नाही, बाबा," तिने फोनवर सांगितलं.

लेकीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी खत टाकलं नाही. कुरण पिवळं पडत गेलं, दूध आटलं, गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या. एकेक करून त्या विकाव्या लागल्या. शेवटची बांडी गाय गाडीत चढेना. बाबाच आधी वर चढले, तेव्हा ती मुकाट्याने त्यांच्या मागे गेली.

लेक घरी पोचली तेव्हा गोठा धुऊन ठेवलेला होता.

"बाबा, तो नमुना कुठून घेतला होतात?"

त्यांनी गोठ्यामागचा कोपरा दाखवला. गाई तिथे उभ्या राहायच्या. तेवढाच तुकडा अजून गर्द होता.

"बाकीचं का नाही घेतलंत?"

"तुझ्या हापिसात जाणार होतं ना ते. चार माणसांपुढे पिवळं गवत कसं पाठवू? म्हटलं, बघू देत, हिच्या बापाचं कुरण कसं आहे."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. "का गं? असं नसतं करायचं?"

"मीच सांगायला हवं होतं, बाबा."

ते हातातल्या दाव्याचा पीळ उलगडत बसले.

पुढच्या हंगामात पुन्हा त्यांची पिशवी आली. आत आखूड, पिवळी, किडीने खाल्लेली पाती, मधूनच एखादं हिरवं. पाठोपाठ फोन आला.

"आता शेजाऱ्याची गुरं चरतात तिथे. म्हटलं, त्याचं तरी नुकसान नको. सगळीकडून तोडलंय बघ." मग जरा थांबून म्हणाले, "या खेपेला चांगलं नाही पाठवलं गं. रागावू नकोस."

"चांगलंच आहे, बाबा," ती म्हणाली, आणि ते गवत तिने भट्टीत ठेवलं.