पपईच्या झाडांवर खूण करणारी पासिता

पासिता दुमलाओ एकोणीस वर्षांची असताना फिलिपाइन्समधल्या इलोकोसहून हवाई बेटावर आली, ती आपल्या थोरल्या भावाकडे. क्रिसांतो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. ती त्याला मनोंग म्हणायची, तिकडे थोरल्या भावाला तसंच म्हणतात, आणि तो तिला आदिंग, म्हणजे धाकटी. कापोहो गावात त्याने भाड्याच्या जमिनीवर पपई लावली होती. जमीन म्हणायची एवढंच. होता सगळा लाव्ह्याचा काळा खडक. त्यात यंत्राने भोकं पाडायची, भोकात मूठमूठ माती टाकायची आणि बी टोचायचं. त्या खडकातून वर्षभरात फळं लटकायला लागत.

एकवीस वर्षं पासिताने पपई उतरवली. लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं नाही असं नव्हे. पण विचारणारे रविवारी यायचे आणि रविवारी तिला झोप काढायची असायची.

तिची नजर मात्र विलक्षण होती. शंभर झाडांच्या ओळीत एखाद्या पानाचा रंग जरा उतरलेला असला तरी तिला गाडीतून दिसे. एकोणीसशे ब्याण्णव साली कापोहोत रोग शिरला तेव्हा तो पहिल्यांदा ज्यांना दिसला त्यांत ती होती. मावा, म्हणजे एक बारीक किडा, या झाडावरून त्या झाडावर बसतो आणि रोग पसरवत जातो. शेंड्याची पानं पिवळी पडून आक्रसतात, देठांवर तेलकट रेघा उठतात आणि मग फळावर गोल गोल वलयं येतात. औषध नाही. लागलेलं झाड लगेच पाडायचं आणि शेजारचं वाचेल अशी आशा धरायची, एवढाच उपाय.

सरकारने झाडं हुडकायला माणसं नेमली, त्यांत पासिताला घेतलं. नाकासोने नावाचा मुकादम होता. त्याने तिच्या हातात नारिंगी रंगाचा डबा दिला. तिला तो मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा. तो म्हणाला, "तुम्ही फक्त खूण करायची, मनांग. पाडणारे मागून येतील."

ती पुढे चालायची, बुंध्यावर रंगाचा पट्टा ओढायची. मागून कोयत्याचा आवाज यायचा. पपईचं खोड पोकळ. दोन घावांत झाड आडवं व्हायचं आणि पांढरा चीक वाहायचा. संध्याकाळपर्यंत तिच्या मनगटांना त्या चिकाची खाज सुटलेली असे.

लोकांनी तिला दारात उभं करणं सोडलं. "आली बघ पासिता, आता अंगणातलीही पाडून जाईल," असं एकजण तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलला. चर्चमध्ये ती बसली की त्या बाकावर दुसरं कुणी बसेना. ती घरी येऊन भात आणि वांगी-कारल्याची भाजी खायची आणि पाय वर करून पडायची.

तिसऱ्या महिन्यात क्रिसांतोच्या मळ्याची पाळी आली.

तो फाटकापाशीच उभा होता. "माझ्याकडे काही नाही. मी रोज बघतो."

"बघू दे ना मग, मनोंग."

मळा वरवर स्वच्छ दिसत होता. फार स्वच्छ. चौथ्या ओळीत तिच्या लक्षात आलं की शेंड्याची कोवळी पानं कुणीतरी खुडून टाकलीत. देठांचे थोटके ताजे होते. खाली वाकून तिने फळ फिरवलं. मागच्या बाजूला वलयं होती.

"तू पानं खुडतोयस," ती म्हणाली.

"वाऱ्याने गेली असतील."

"वारा अशी नीट खुडतो का? मनोंग, सांगितलं असतंस तर दहा झाडांत भागलं असतं."

"आदिंग," तो हळू आवाजात म्हणाला, "नाकासोने लांब आहे. चार ओळी सोडून पुढे जा. तुला दिसलं नाही म्हण. एवढा महिना जाऊ दे, हा तोडा निघू दे."

ती तिथेच उभी राहिली. चार ओळींपलीकडे पेड्रो गालिनातोचा मळा होता आणि त्याची झाडं अजून नितळ होती. मग तिने डब्यात कुंचला बुडवला. त्या दिवशी तिने तीनशे बारा झाडांवर खूण केली. क्रिसांतो फाटकापाशी दगडावर बसून होता. पाडणारे आले तेव्हा त्याने त्यांना प्यायला पाणी दिलं, तिला दिलं नाही.

तरीही मळा वाचला नाही. वर्षाच्या आत उरलेलाही गेला, आणि गालिनातोचाही. क्रिसांतोने जमीन परत केली आणि बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात बागेची झाडलोट धरली. पहाटे चारला बसमध्ये बसायचं, अंधार पडल्यावर उतरायचं. पासिताने पाहोआ गावात खोली घेतली. रस्त्यात भेट झाली की तो "काय पासिता" म्हणायचा. आदिंग म्हणणं त्याने सोडलं ते सोडलंच.

खुणा करायचं काम संपलं, कारण खूण करायला झाडंच राहिली नाहीत. मग नाकासोनेने तिला विद्यापीठाच्या चाचणीच्या तुकड्यावर नेलं. तिथे प्रयोगशाळेतून आलेली नवी पपई लावली होती. रोगाच्या विषाणूचाच एक बारकासा तुकडा त्या झाडांच्या पेशीत बसवलेला होता. "लहान मुलाला लस टोचतात ना, साधारण तसं समजा," नाकासोने म्हणाला. "अगदी तसं नाही, पण मलाही याहून जास्त कळलेलं नाही."

दर मंगळवारी ती ओळीओळीने फिरायची आणि वहीत लिहायची. कडेने साधी पपई होती. ती वर्षात पिवळी पडली, खराट्यासारखी झाली. मधला चौकोन मात्र हिरवागार राहिला. पासिताचा विश्वास बसेना. पानं उलटून, फळं फिरवून, देठ उन्हात धरून ती डाग शोधत राहिली. शेवटी एका मंगळवारी ती मधल्या चौकोनात खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"बरं वाटत नाही का?" नाकासोनेने विचारलं.

"दमले," ती म्हणाली. "काहीच सापडत नाही म्हणून दमले."

सगळे परवाने मिळून बी वाटायला अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. वाटपाच्या आदल्या रविवारी ती क्रिसांतोकडे गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"सरकारने झाडं पाडली," तो म्हणाला, "आता सरकारच बी देतंय?"

"हो."

"आणि ते तू मला सांगायला आलीस."

"दुसरं कोण येणार?"

तो उठून आत गेला. पण वाटपाच्या दिवशी सभागृहात शेवटच्या रांगेत येऊन बसला, माहितीचा चित्रपट डोळे मिटून पाहिला, सही केली आणि पाकीट घेऊन निघाला. बाहेर पासिता उभी होती. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "नरमादी फूल कुठलं ते मला आता नीट दिसत नाही. विरळणीला ये."

त्याने हॉटेलचं काम सोडून जमीन पुन्हा भाड्याने घेतली होती. ती गेली. एका भोकात चार रोपं यायची. फुलं धरली की त्यांतलं नरमादी फुलाचं, म्हणजे ज्याचं फळ लांबट येणार ते एक ठेवायचं, बाकीची उपटायची. दिवसभर वाकून दोघांनी ते काम केलं. जुन्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही. दुपारी कोंबडीच्या रश्श्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून तिने जेवण केलं. त्याने दोनदा भात घेतला.

मळा परत उभा राहिला आणि तेरा वर्षं चालला. सुखाने चालला असं नाही. जपानचे व्यापारी हे फळ घेईनात. घेणारे कमी म्हणून भाव पडलेला. हिलो शहराच्या बाजारात बायका फळ हातात घेऊन विचारायच्या, "ही ती बदललेली का?" आणि हो म्हटलं की खाली ठेवायच्या. पासिता खोटं बोलत नसे. संध्याकाळी उरलेल्या पेट्या तीच उचलून गाडीत ठेवायची. तोवर तिने साठी गाठली होती आणि गुडघे तिच्याही आधी म्हातारे झाले होते.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात एका सकाळी क्रिसांतोचा फोन आला. तो फक्त "ये" म्हणाला.

अर्धा मळा आडवा झाला होता. रात्रीतून कुणीतरी येऊन छातीएवढ्या उंचीवर झाडं छाटली होती. कच्ची फळं खडकावर आपटून फुटली होती, चीक वाळून पिवळा झाला होता. पोलीस येऊन फोटो काढून गेले. कुणी केलं ते तेव्हा कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

क्रिसांतो तोडलेल्या झाडांमध्ये उभा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात रिकामी बादली.

"आदिंग," तो म्हणाला. एकोणीस वर्षांनी. "तू जरा बघ. रोग होता का?"

"मनोंग, रोगासाठी नाही पाडली ही."

"ते मला कळतं. तरी बघ."

ती बघत गेली. एकेक पान उलटं केलं, पडलेली फळं फिरवली. दुपारपर्यंत तिने सगळ्या ओळी बघितल्या. तो मागे मागे चालत होता.

"नाही," ती म्हणाली. "एकावरही नाही."

"मग कशाला पाडली?"

तिने त्याच्या हातातली बादली घेतली आणि त्यातल्या त्यात धड राहिलेली फळं वेचायला लागली. थोड्या वेळाने तोही वाकला.

दोन वर्षांनी हिलोत सुनावणी झाली. अशी बदललेली पिकं बेटावर लावू द्यायची की नाही, यावर कुणालाही बोलता येणार होतं, प्रत्येकी तीन मिनिटं. क्रिसांतोला तेवढं बसवणार नव्हतं, म्हणून पासिता गेली. सकाळी आठला तिने एकशे बारा नंबरची चिठ्ठी घेतली. विरोधातले लाल सदरे घालून आले होते, बाजूने असलेले निळे. तिने नेहमीचाच फुलाफुलांचा झगा घातला होता. लाल सदऱ्यातली एक तरुण मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, कधीपासून बसलात?"

"आठपासून."

"रताळं खाता? उकडलेलं आहे, घरचं." मुलीने डबा पुढे केला. "आम्हाला भीती वाटते, एवढंच आहे. धड कुणी सांगतच नाही काही."

"मला विचार. पंधरा वर्षं तीच पपई खातेय."

"आणि काही झालं नाही?"

"गुडघे दुखतात."

मुलगी दचकली. "पपईमुळे?"

"पपई लावल्यामुळे."

मुलगी मोठ्याने हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, "तुमच्या तिकडची झाडं तोडली, ते वाचलं होतं. ते आमच्यातल्या कुणी केलं नसणार."

"असेल, नसेल," पासिता म्हणाली. "मीही लोकांची झाडं पाडलीत बाई. चांगल्यासाठीच पाडतोय असं मलाही वाटायचं. होतंही तसं. तरी त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

मुलीने रताळं सोलून अर्धं पासिताच्या हातात ठेवलं. दुपारनंतर पासिताला झोप लागली. एकशे बारा पुकारलं तेव्हा तिला त्या मुलीनेच हलवून उठवलं.

चष्मा सापडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. तिने कागद उघडून वाचायला सुरुवात केली: इलोकोसहून आले ते, खडकात भोकं पाडली ते, रोग आला ते. घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, पुढचा नंबर." महत्त्वाचं सगळं पानाच्या मागच्या बाजूला होतं.

ती क्रिसांतोच्या घरी पोचली तेव्हा तो जागाच होता. "काय बोललीस?"

"रोग आला तिथपर्यंत पोचले."

"म्हणजे नव्या बियाण्याचं राहिलंच?"

"राहिलं."

"बरं," तो म्हणाला. "भात झाकून ठेवलाय."

पुढे अशी पिकं लावायला मनाई करणारा कायदा झाला, पण पपईला त्यातून वगळलं. पासिताच्या बोलण्याने नव्हे. पपई आधीच इतकी पसरली होती की तिला काढणार कुठून? ही बातमी तिला भाजीच्या दुकानात कळली आणि ती "असं का" एवढंच म्हणाली.

क्रिसांतोने अर्धी जमीन परत केली. उरलेल्या अर्ध्यात जूनमध्ये तिने पुन्हा बी टोचलं. खाली बसवत नव्हतं म्हणून ती एका गुडघ्यावर टेकून भोकापासून भोकापर्यंत सरकत होती. क्रिसांतो उलट्या पेटीवर बसून तिला चुका सांगत होता.

"अंतर कमी पडतंय, आदिंग. पुढे दाटी होईल."

"होऊ दे."

"उपटावी लागतील मग."

"तेव्हा उपटू," पासिता म्हणाली आणि पुढच्या भोकाकडे सरकली.