स्वतः पाहिलं

गंगाधरमामांकडे कुणी बातमी घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुनी सांगितलं?" डोंगरकडा गावच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. दारातल्या फळ्यावर रोज खडूने बातम्या लिहायचे आणि प्रत्येकीखाली ती कुठून घेतली तेही. पेपरचं नाव, नाहीतर माणसाचं. मी चिडवायचो, "मामा, आज बाजार भरलाय, हे कुणी सांगितलं ते लिहा की." ते खरंच लिहायचे, "स्वतः पाहिलं."

मग चौकात इंटरनेटचं दुकान निघालं, वाचनालयाच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं. मागाल तो कागद तो छापून द्यायचा आणि लोक तो अंगाऱ्याच्या पुडीसारखा जपून न्यायचे. तांड्यावरच्या रामधनने असाच एक नेला. त्याच्या बायकोला, सोनाबाईला, साखरेचा आजार. कागदात होतं, सुई बंद करा, पाल्याचा रस प्या.

मामा तडक तांड्यावर गेले. "रामधन, काहून सुई बंद केली? हे लिवलं कुनी? डॉक्टरचं नाव कुठंय यात?"

"मानसानं लिवलं असतं तर शंका आली असती, मामा. हे कंप्युटरनं काढलंय."

मामांनी त्याच दुकानात जाऊन 'ग्रंथपाल गंगाधर वारले' असा कागद छापून घेतला, फळ्यावर डकवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याला म्हणायचे, "वाचा. कंप्युटरनं काढलंय. आता माह्याकडं बघा." लोक पोट धरून हसले. रामधनही हसला. म्हणाला, "तुमचा कागद खोटा हाय, मामा. तुमी तर जित्ते बसलाव समोर. माहा कागद औषधाचा हाय."

सुई बंदच राहिली. सोनाबाई गेली. आणि वाचनालयाच्या समितीने धारेवर धरलं कुणाला, तर मामांना! फळ्यावर खोटी बातमी लावली म्हणून कामावरून काढलं. पुतण्याला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. मामा मात्र एवढंच म्हणाले, "नोकरीचं काय न्हाई रे. ती बाई जगली असती."

त्यानंतर ते वाचनालयाची पायरी चढले नाहीत. काही वर्षांनी ते खरोखरच गेले, घरात, खाटेवर. मी उशाशी होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'आमचे लाडके ग्रंथपाल अखेरच्या श्वासापर्यंत वाचनालयाची सेवा करीत राहिले.' खाली काहीच नव्हतं.

मी खडू उचलला आणि लिहिलं, "खोटं आहे. स्वतः पाहिलं."

दुपारी पुन्हा गेलो, तर माझी ओळ तेवढी पुसलेली होती.