संबंधित बाजारपेठेतील एक किल्लीवाला

तक्रारदार हा प्रौढ, विवाहित, एका अपत्याचा पालक असून 'तातडीची कुलूप-उघडणी सेवा' या संबंधित बाजारपेठेतील स्वतंत्र व सक्रिय स्पर्धक आहे. त्याचे व्यवसायाचे ठिकाण तक्रारीच्या शीर्षभागी दिलेल्या पत्त्यावर आहे. प्रतिवादी कंपनी सदर बाजारपेठेत, तसेच अन्य बहुतेक सर्व बाजारपेठांत कार्यरत आहे.

स्पर्धा आयोगाच्या दप्तरात उस्तादांचा परिचय असा आहे. त्यात चूक काढता येत नाही. फक्त तो वाचून असं वाटतं, की दोघे एकाच रेषेवर उभे आहेत आणि कोणीतरी शिट्टी वाजवायची तेवढी बाकी आहे.

उस्ताद हे नाव त्यांना कोणी दिलं, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर उस्तादांना बाहेर यावं लागे. भिंतीवर न कापलेल्या किल्ल्यांचे घोस, टेबलावर कानस, किल्ली कापायचं मशीन आणि दिवा. दुकान वडिलांचं. उस्तादांनी त्यात भर घातली ती एका फोनची.

हा धंदा मुळातच कृतघ्न आहे. कुलूप उघडून देणारा माणूस चांगला निघाला तर लोक त्याला विसरतात, कारण त्याची पुन्हा गरज पडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. कचरा टाकायला म्हणून कोणी बाहेर येतं, मागे वाऱ्याने दार लागतं, लॅच बसतं, आणि आत गॅसवर दूध. अशा माणसाला कोणाचा कार्डावरचा नंबर आठवत नाही. तो स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवर शोधतो आणि पहिलं दिसेल ते नाव दाबतो. दुसरं नाव वाचायची उसंत त्याला दूध देत नाही.

पुष्कळ वर्षं ते पहिलं नाव उस्तादांचं होतं.

दारापाशी पोचल्यावर त्यांची एक रीत होती, तीही वडिलांची. पेटी उघडायच्या आधी ते विचारत, "दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?" मग समोरचा सांगे, चपलांचं कपाट, किंवा आजोबांचा फोटो, किंवा न आवरलेला पसारा, माफ करा. उस्ताद लॅच सरकवत, दार वीतभर ढकलून आत बघत आणि सांगितल्याप्रमाणे असेल तरच बाजूला होत. नसेल तर दार तसंच ओढून घेत आणि शेजाऱ्यांना हाक मारत. एकदा एका सज्जन दिसणाऱ्या गृहस्थाला स्वतःच्या म्हणवलेल्या घरातलं कपाट सांगता आलं नव्हतं. तो गृहस्थ पैसे न देता जिना उतरून गेला, तेव्हा उस्ताद दिवसभर खुशीत होते.

मग नकाशावाल्या कंपनीने कुलूपं उघडायला घेतली. ही तीच कंपनी, जिच्या नकाशात सगळे जण सगळं शोधतात. कंपनीकडे स्वतःची हातोडीसुद्धा नव्हती. तिने फक्त निळी जाकिटं शिवून घेतली, ज्यांनी ती अंगात घातली त्या किल्लीवाल्यांच्या मिळकतीतला मोठा वाटा ठेवून घेतला, आणि यादीत सगळ्यात वर आपली पट्टी लावली: 'खात्रीचा कुलूपतज्ज्ञ'. उस्ताद पट्टीखाली गेले. मग जाकीटवाल्यांच्याही खाली. मग 'आणखी पाहा' असं लिहिलं होतं त्याच्या मागे. तिथे काय आहे हे पाहायला कोणी जात नाही.

फोन गप्प झाला. उस्तादांना आधी वाटलं, फोनच बिघडला. ते दुकानातून बायकोला सांगून पाठवत, की जरा लावून बघ. ती घरून लावी. फोन खणखणीत वाजे. उस्ताद घसा साफ करून म्हणत, "बोला, कुठलं कुलूप?" आणि ती म्हणे, "जेवायला या."

कंपनीचा एक मुलगा जाकीट घेऊन दुकानात आला होता. फार आदराने बोलला. म्हणाला, काका, तुमचा हात एवढा चांगला, आमच्याकडे या. उस्तादांनी त्याला एकच शंका विचारली, की दारापाशी प्रश्न विचारायला वेळ मिळतो का. मुलगा म्हणाला, पोचल्याबरोबर ॲपमध्ये घड्याळ सुरू होतं. उस्तादांनी जाकीट घडी घालून परत दिलं.

दुकान राहायचं असेल तर यादीत जागा हवी, आणि जागा देणारा स्वतःच रांगेत पुढे उभा होता. ग्राहक संघटनेच्या वकीलबाईंना हे ऐकून जवळजवळ आनंद झाला. याला वर्चस्वाचा गैरवापर म्हणतात, त्या म्हणाल्या. आपल्यावर होतोय त्याला इतकं भारदस्त नाव आहे हे ऐकून उस्तादांना जरा बरं वाटलं. बाईंनी फी घेतली नाही. पुरावा मात्र मागितला. नाव रोज कुठे दिसतं, वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या जागी, याचे स्क्रीनशॉट. आणि बजावलं, की कशालाही बोट लावायचं नाही. शोधायचं, फोटो काढायचा, बंद करायचं. पुरावा स्वच्छ राहिला पाहिजे.

उस्तादांचं घर कामाला लागलं. बायको दात घासायच्या आधी शोधी. मुलगी कॉलेजात वर्गावर्गांतून शोधी आणि मैत्रिणींना शोधायला लावी. मेहुणा बसचालक, तो प्रत्येक थांब्यावर शोधून घेई आणि संध्याकाळी सांगे, "भावोजी, आज डेपोपाशी तुम्ही अजिबातच नाही." हळूहळू सगळी गल्ली शोधू लागली. पिठाच्या गिरणीवाला, शिंपी, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई. सगळे यादी खाली सरकवत उस्तादांच्या नावापर्यंत जात, फोटो काढत आणि काही न दाबता परत फिरत. शिस्त अशी, की कोणाचं बोट चुकून लागलं तर तो येऊन कबुली देई.

नाव आणखी खाली गेलं. घरात त्याचं दुःख व्हायच्या आधी पुरावा भक्कम झाल्याचं समाधान होई. "आज तर सापडलातच नाही," बायको उत्साहाने सांगे. उस्तादही मान डोलवत. त्यांच्या दुकानात त्या काळात कामाच्या नावाने फक्त एक ट्रंक आली, तीही शिंप्याचीच.

सुनावणीची खोली मोठी, थंड आणि गालिच्याची होती. उस्तादांनी दाराचं कुलूप पाहून घेतलं. भारी होतं, पण उलटं बसवलेलं. हे कोणाला सांगायचं ते त्यांना कळेना.

कंपनीचे वकील मृदू आवाजाचे होते. त्यांनी वर्चस्वावर वाद घातलाच नाही. पडद्यावर उस्तादांच्या गल्लीच्या आसपासचा एक आलेख दाखवला आणि म्हणाले, की आमची यादी कोणाचा पक्ष घेत नाही, लोक काय निवडतात ते बघून ती शिकते. या भागातल्या असंख्य लोकांनी तक्रारदाराचं नाव मुद्दाम शोधलं. त्याच्यापर्यंत गेले. थांबले. आणि त्याला न बोलावता निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. इतक्या सातत्याने नाकारला गेलेला व्यावसायिक आमच्या नोंदीत दुसरा नाही. ग्राहकांना तो दिसत नाही असं नाही, ते म्हणाले. दिसतो, पण नको असतो.

उस्तादांच्या बायकोने मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरला. तिला सगळ्यात आधी कळलं.

वकीलबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की ही सगळी तक्रारदाराची घरची आणि शेजारची माणसं आहेत, पुरावा गोळा करत होती. कंपनीच्या वकिलांनी हे लिहून घेतलं. मग त्याच आवाजात म्हणाले, की म्हणजे क्रमांक घसरला तो तक्रारदाराच्या स्वतःच्या संघटित उद्योगामुळे, आणि याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. बाईंनी सांगितलं, की घसरण त्याच्या आधीच सुरू झाली होती. आधीचे फोटो आहेत का, अध्यक्षांनी विचारलं. नव्हते. पडायच्या आधी पडल्याचे फोटो कोण काढून ठेवणार?

अध्यक्षांनी उस्तादांना विचारलं, त्यांना काही सांगायचंय का. उस्ताद उठले.

"साहेब, त्या लोकांनी मला बोलावलं नाही, कारण त्यांची दारं उघडी होती."

लघुलेखकाने ते टिपलं. सदस्यांपैकी एकाने समजल्यासारखी मान हलवली. मग चहाची सुट्टी झाली.

घरी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मुलगी खोलीत जाऊन बसली. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तशीच उभी होती.

"रोज बघत होते मी," ती म्हणाली. "देवासारखं रोज. एकदा दाबलं असतं तर काय झालं असतं?"

"तुला कुठलं कुलूप उघडायचं होतं?"

"अहो, तुमचंच."

 ती शांतपणे फोन घेऊन बसली, यादी खाली सरकवत नवऱ्याच्या नावापर्यंत गेली आणि तिने ते दाबलं. उस्तादांच्या खिशात फोन वाजला. तिने पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने दाबलं, शिंप्याने, निवृत्त बाईंनी, मेहुण्याने प्रत्येक थांब्यावर. सगळी गल्ली केलेलं पाप धुवायला निघाली. उस्तादांचा फोन दिवसभर वाजत राहिला आणि ते प्रत्येक वेळी उचलत राहिले, न जाणो एखादं खरंच कोणी असेल. कोणी नसे. "मीच हो, चालू द्या," एवढं म्हणून माणसं ठेवून देत.

आठवडा उलटायच्या आत कंपनीने 'अनैसर्गिक हालचाल' या कारणाखाली उस्तादांचं नाव यादीतून काढून टाकलं. आता ते 'आणखी पाहा'च्या मागेही नव्हते. दाद मागायला एक बटण होतं. ते दाबलं की धन्यवाद येत.

जाकीट निळं होतं आणि खांद्यात जरा आखूड. पहिल्या कामाला एक तरुण दारात घामाघूम उभा होता. उस्ताद पेटी खाली ठेवून म्हणाले, "दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?"

"म्हणजे?" तो म्हणाला. "काका, हे ॲपमध्ये विचारत नाहीत. उघडा ना."

उस्तादांनी पुन्हा विचारलं. तरुणाने वैतागून सायकल असं सांगितलं. होती सायकल. संध्याकाळी शेरा आला: हात चांगला, चौकशा फार. तारे कमी झाले, आणि पुढची कामं दुसऱ्या जाकिटांकडे गेली. असे आणखी काही शेरे आले.  मग एका दुपारी, एका बंद दारापाशी, घड्याळ पळत असताना, उस्तादांनी प्रश्न न विचारता लॅच सरकवलं आणि आत न बघता बाजूला झाले. उभा होता तो माणूस आत गेला. घर त्याचंच असावं. पाच तारे आले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

आयोगाचा आदेश बऱ्याच महिन्यांनी आला. वकीलबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. आदेशात म्हटलं होतं, की प्रतिवादीचे स्थान प्रबळ असले तरी तक्रारदारासारखे स्वतंत्र व्यावसायिक संबंधित बाजारपेठेत टिकून असल्याने स्पर्धेस बाधा पोचल्याचे दिसून येत नाही. तक्रारदार शीर्षभागी दिलेल्या पत्त्यावरून आपला व्यवसाय करण्यास व प्रतिवादीशी स्पर्धा करण्यास पूर्णतः मोकळा आहे. सबब, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्या पत्त्यावर आता चष्म्यांचं दुकान आहे.