दिवाळीतलं तेल

दीड महिना झाला. मधल्या सुट्टीत मी चहाचा कप हातात घेतला होता आणि आमच्या शाळेचे क्लार्क दारातूनच म्हणाले, "सर, भानुदास मिस्त्री गेला. सकाळी शेड उघडायला गेला, तिथंच पडला म्हणे." स्टाफरूममध्ये दोन-तीन जण हळहळले. मीही 'अरेरे' म्हणालो. पण त्या 'अरेरे'च्या आधी, अगदी क्षणभर, माझ्या मनात काय आलं ते आज लिहायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं... आता ते कुणाला कळणार नाही, असं वाटलं. दुःख त्यानंतर आलं. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवणारा, शनिवारी परिपाठाला खरं बोलण्यावर भाषणं ठोकणारा मी, आधी सुटलो आणि मग रडलो.

पाथर्डीहून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला भानुदासची पत्र्याची शेड. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं त्याचं लहानपण साखर कारखान्यांच्या आवारात गेलं. तिथं नादुरुस्त ट्रॅक्टरखाली शिरून शिरून हा माणूस मिस्त्री झाला. शाळा चौथीपर्यंत. बोलणं कमी, आणि जे बोलायचं तेही इंजिनात डोकं घालून. गिऱ्हाईक मागे उभं राहून बोलत असलं, तरी उत्तर बॉनेटलाच मिळायचं. दसऱ्याच्या आधी, मुकादमांच्या जीपा हंगामासाठी तयार व्हायच्या तेव्हा, त्याच्या शेडपुढं रांग लागायची. टोळीची माणसं कारखान्यावर पोचवायची, पुन्हा आणायची, सहा महिने त्या जीपांना उसंत नाही. त्या भानुदासच्या हाताखालून गेल्याशिवाय निघत नसत.

मी त्याच्याकडे गेलो ते एका जुन्या डिझेल गाडीमुळं. एका डॉक्टरांनी वापरून थकवलेली पांढरी गाडी मी घेतली आणि ऐटीत शेडपुढं उभी करून म्हणालो, "मिस्त्री, चांगल्यातलं चांगलं तेल टाका." त्यानं मान वर केली. "चांगलं म्हंजे कसलं, सर? गाडीचं पुस्तक हाय का?" कप्प्यात पुस्तक होतं, इंग्रजीत. तेलाचं पान त्यानं मला वाचायला लावलं. किती उष्णतेला कोणतं तेल चालेल याचा तक्ता होता, त्यात तीन-चार नंबर. त्यानं मला तो दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाला, "पुस्तक नव्या गाडीचं असतंय. ही आता झिजलीय, आतली फट वाढलीय. लई पातळ टाकलं तर गरम झाल्यावर टिकायचं न्हाई, प्रेशर पडंल. आन आपल्याकडचं ऊन तर तुमाला ठावं. पुस्तकात बसंल त्यातलंच जाड घेऊ, पंधरा-चाळीस. आन डब्यावर डिझेल लिहिलेलं बगा. पेट्रोलचं नको." मी वर्गात श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, शिकवत होतो, व्याख्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत होतो. ती प्रत्यक्षात कशाशी खातात, हे मला चौथी शिकलेल्या माणसानं सांगितलं.

आठ दिवसांत तेल काळं झालं. मी तणतणत गेलो. मला वाटलं, यानं जुनंच तेल गाळून घातलं. भानुदास रागावला नाही, उलट जरा हसला. "डिझेलचं तेल काळं व्हनारच, सर. काजळी उचलतंय म्हंजे काम करतंय. पिवळंच राहिलं असतं तर मला भ्या वाटलं असतं." माझा चेहरा पडलेला पाहून त्यानं शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. पुढं अकरा वर्षं माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. दर रविवारी सकाळी तेलाची पट्टी काढून पाहायची सवयही त्यानंच लावली. विसरलो तर "सर, तुमी पोरांना गृहपाठ देता न्हवं?" एवढंच म्हणायचा.

मग तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. आमचे जावई पुण्याला असतात, हौशी आहेत, मोटारींचं वेड आहे. पाडव्याला त्यांनी सहज माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, पट्टी काढली आणि म्हणाले, "बाबा, केवढं काळं तेल हे! कोण बघतं गाडी?" त्यांनी स्वतःच्या नव्या पेट्रोल गाडीसाठी घेतलेलं उंची सिंथेटिक तेल डिकीत होतं, पाण्यासारखं पातळ. जुनं काढून तेच त्यांनी हौसेनं माझ्या गाडीत घातलं, स्वतः शर्टाच्या बाह्या वर करून. मला तेव्हाच कळत होतं की हे चुकतंय. काळं का असतं हेही ठाऊक होतं, डब्यावरचा नंबरही दिसत होता. पण दिवाळसणाला आलेला जावई अंगणात आडवा पडून आपल्यासाठी हात काळे करतोय, त्याला 'आमचा मिस्त्री नको म्हणतो' असं कसं सांगायचं? नाही सांगितलं. ही मंडळी गेल्यावर भानुदासकडे जाऊन तेल बदलून घ्यायला काय हरकत होती? पण मग त्याला कारण सांगावं लागलं असतं. लाज वाटली, म्हणून शेडकडे जाणंच टाळलं. पट्टी पाहणंही सोडलं, कारण पट्टी हातात घेतली की तो आठवायचा.

उन्हाळ्यात चौकात गाडी थांबली की तेलाचा लाल दिवा मिणमिणायला लागला. मी वायरिंगला दोष दिला. चैत्रात जावई, मुलगी आणि आमचे व्याही आले होते, त्यांना घेऊन नगरला निघालो. भर दुपारी करंजीचा घाट चढताना इंजिनातून हातोडी मारल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. व्याही पुढच्या सीटवर. रुमालानं मान पुसत त्यांनी विचारलं, "तेलपाणी कुणी बघितलं होतं हो?" मागे जावई खिडकीबाहेर पाहू लागले. मुलीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमच्या मिस्त्रीनं. दिवाळीत त्यानंच बदललं."

एवढंच वाक्य. तिथंच विरून गेलं असतं तर बरं झालं असतं.

एका जीपला दोर बांधून गाडी ओढत शेडपाशी आणली. व्याही आणि जावई सोबत होते, दोन शिक्षक मित्र धावून आले होते, आणि शेडमध्ये तीन-चार जीपवाले बसलेले होते. भानुदास गाडीखाली शिरला. पेलाभर तेल निघालं, बाकीचं कधीच जळून गेलं होतं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. बाहेर आला आणि हळू आवाजात, अगदी मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, हे तेल कुनी टाकलं?" खरं सांगायला त्यानं मला जागा करून दिली होती. मीच मोठ्यानं म्हणालो, "असं काय करता मिस्त्री, तुम्हीच की. दिवाळीत." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग व्याह्यांकडे पाहिलं, जावयांकडे पाहिलं. चिंधीनं बोटं पुसली.

"आसंल, सर," तो म्हणाला.

त्यानं इंजिन पुन्हा बांधलं, अठरा दिवस खपून. गाडी आजही चालते. तोवर इकडे स्टाफरूममध्ये, तिकडे जीप स्टँडवर, 'सरांची गाडी भानुदासनं घालवली' ही बातमी फिरली. सरांनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार! आमच्या भागात मास्तराच्या शब्दाला अजून वजन आहे, ही एरवी मी अभिमानानं सांगायची गोष्ट. त्या दसऱ्याला भानुदासच्या शेडपुढं दोनच जीपा उभ्या होत्या, पुढच्या दसऱ्याला एकही नाही. तो मोटारसायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायला लागला. मी त्या रस्त्यानं जायचो तेव्हा काच वर करायचो. तो हात मात्र करायचा... दरवेळी.

आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि शिक्षक दिसला की माईक त्याच्या हातात जातो. माझ्याही हातात आला. समोर सतरंजीवर तेच मुकादम, तेच जीपवाले, माझे शिक्षक मित्र बसले होते. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी दहा मिनिटं बोललो. कष्टाळू, निर्व्यसनी, कलेवर निष्ठा... सगळे शब्द वापरले. एकच गोष्ट सांगितली नाही. लोकांनी नंतर माझे हात हातात घेतले, "सर, छान बोलला" म्हणाले.

निघताना भानुदासच्या बायकोला भेटलो. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. पदर सावरत त्या म्हणाल्या, "सर, आज तुमी तेलाचं बोलाल, आसं वाटलं हुतं."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मी लई भांडले, म्हनलं, चारचौघांत सांगा, आपलं नाव जातंय. तर म्हनले, लेकीच्या सासऱ्यापुढं सरांना खाली बगायला लावू का? सर सांगतील त्यांच्या सवडीनं." मग म्हणाल्या, "दोन वर्सं वाट बगितली त्यांनी. जीप थांबली की आधी त्वांड बगायचे, ह्यो सरांनी धाडलेला हाय का म्हनून."

घरी येऊन लिहायला बसलो; हा लेख इथपर्यंत यायला तीन-चार आठवडे लागले. खरं सांगतो, लिहिताना थोडं हलकं वाटत होतं. पेपरात छापून आलं की माझ्या बाजूनं झालं, असं मनाशी धरलं होतं. पाठवण्याआधी वहिनींना वाचून दाखवावा म्हणून गेल्या रविवारी गेलो. त्या शेडमध्येच बसल्या होत्या, त्याच्या पान्यांना तेल लावत. गंज चढू नये म्हणून तो दर आठवड्याला लावायचा, ते आता त्या करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला पाना पुसून फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "लई चांगलं लिव्हलंय, सर. पन जीपवाले पेपर वाचत न्हाईत."

मी तिथून थेट जीप स्टँडवर गेलो. पहिल्याच जीपमध्ये एक ओळखीचा ड्रायव्हर होता, माझाच जुना विद्यार्थी. त्याला खाली उतरवून कट्ट्यावर बसवलं आणि दिवाळीतलं तेल, घाट, माझं खोटं बोलणं, सगळं सांगितलं. तो ऐकताना दोनदा उठून उभा राहिला, दोनदा बसला. शेवटी म्हणाला, "आता सांगून काय करता, सर? आमी दोन वर्सं त्याच्या दारावरनं तशाच गाड्या घातल्या की."

"खरंय," मी म्हणालो आणि पुढच्या जीपकडे गेलो.