उरलेली जाडी

पंचवीस वर्षं मी कुवेतमध्ये गंज मोजतोय. रिफायनरीतल्या पाइपची जाडी घ्यायची, मागच्या खेपेच्या आकड्याशी ताडून बघायची आणि उरलेली जाडी अजून किती वर्षं टिकेल ते लिहून द्यायचं. एवढंच काम. आता कंटाळा येतो त्याचा, पण दुसरं येतंय काय मला?

बायकोच्या डोळ्यांचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या पेशी कडेकडून मरत येणार, नजर नळीसारखी अरुंद होत जाणार आणि हे थांबवणारं औषध नाही. दोष जन्मजात, पण पुढची पडझड ऑक्सिजनच्या माऱ्यानं वाढते म्हणे. म्हणजे गंजच की! जन्मभर लोकांच्या पाइपांचा गंज बघितला आणि घरातल्या गंजापुढे हात टेकायची वेळ आली. फार चिडचिड झाली माझी.

मग वाचत सुटलो. सिरियम ऑक्साइडचे कण, केसापेक्षा हजारो पट बारीक. बाकीचे अँटिऑक्सिडंट एकदा कामी आले की संपतात. हे मात्र ऑक्सिजन घेतात, सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. दमत नाहीत. मला तर त्यांचा हेवाच वाटला. उंदरांच्या डोळ्यांत टोचले तर त्यांची नजर जास्त दिवस टिकते, असं लिहिलं होतं.

याच सिरियमची एक बाटली माझ्या ऑफिसातल्या टेबलावर पडून होती. गंजरोधक रंगात घालायला कुणा कंपनीनं नमुना दिला होता, फिकट पिवळी भुकटी. ती मी हिला दाखवायला घरी आणली, अक्कल गहाण टाकून. हिनं बाटली हातात धरली आणि विचारलं, यातलं चिमूटभर नाही का चालायचं? म्हटलं, अगं, हे रंगात घालायचंय, डोळ्यात नाही. माणसांचं औषध व्हायला अजून वेळ आहे. किती वेळ, ते तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटली परत नेली.

त्यानंतर माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. कुवेतच्या एगैला वस्तीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या दिसतात. दर शुक्रवारी चहा झाला की हिला खुर्चीत बसवायचं, मान न हलवता किती पाट्या दिसतात ते विचारायचं आणि आकडा एक्सेलमध्ये टाकायचा. रेघ खाली येत गेली. ती कुठे जाऊन टेकणार ते मला पाइपांच्या सवयीनं कळत होतं, पण हिला सांगायचो, फारसा फरक नाही. आणि दिवसभर फोनवर नवे लेख शोधायचे. उंदीर, उंदीर, फार तर ससा. जेवताना फोन, सिग्नलला फोन, हिच्याशी बोलतानाही फोन. लेकीनं तिच्या इंग्रजीत दोनदा झापलं. पण ऐकतो कोण?

गेल्या शुक्रवारी हिनं चार पाट्या सांगितल्या. महिन्यापूर्वी सहा होत्या. मी फोनमधून वर न बघता म्हटलं, छान, तेवढ्याच आहेत.

"तुमचे उंदीर बरे आहेत ना?" तिनं विचारलं.

माझा अंगठा स्क्रीनवर सरकतच होता.

"तीन वर्षं मी पाट्याच वाचतेय. दिसतंय तोवर मला तुमचं तोंड बघायचंय हो. ते सदा त्या फोनात."

रागावून म्हणाली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण तिचा आवाज नुसता दमलेला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. फोन पालथा ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर, नजरेच्या मधोमध बसलो.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "किती पिकलात हो. मला कळलंच नाही."

मी ऊन तोंडावर येईल अशी माझी खुर्ची जराशी सरकवली आणि मग हललो नाही.